लॉक हातात असताना प्रोसेस मेली तर? सी मध्ये सामायिक मेमरी सांभाळण्याची रीत

सामायिक मेमरी वापरणाऱ्या प्रोसेसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये, ताळमेळ कसा ठेवायचा हे शिकवताना बहुतेक जण लॉकपासून, म्हणजे एका वेळी एकालाच मेमरीला हात लावू देणाऱ्या कुलपापासून, सुरुवात करतात. मी एका वेगळ्या प्रश्नापासून करते: लॉक हातात असताना प्रोसेस मेली तर काय? थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये बरोबरीने चालणारे कामाचे धागे, वापरताना हा प्रश्न फारसा उभा राहत नाही. एका थ्रेडने चुकीच्या पत्त्यावर लिहिलं की अख्खी प्रोसेस जाते, तिच्याबरोबर मेमरी जाते आणि लॉकही जातं. वेगवेगळ्या प्रोसेसेसचं तसं नसतं. एक मरते, बाकीच्या जिवंत राहतात आणि तिने अर्धवट लिहून ठेवलेली मेमरी त्यांच्यासमोर तशीच पडलेली असते. या एका फरकामुळे अख्खी रचना बदलते, म्हणून त्याचा विचार पहिल्या ओळीपासून करावा लागतो.

मी लिनक्सवर मोजमाप यंत्रांकडून आकडे गोळा करणारे प्रोग्रॅम लिहिते. एक प्रोसेस यंत्राकडून आकडे वाचते, चार प्रोसेसेस त्यांवर गणित करतात, एक निकाल डिस्कवर टाकते. हे सगळं थ्रेडमध्ये का नाही, असं नवीन लोक विचारतात. गणिताची लायब्ररी विचित्र आकड्यांवर कधीकधी कोसळते, आणि तेव्हा यंत्राकडून वाचन थांबलेलं चालत नाही, हे त्याचं कारण. म्हणजे मरण सोसता यावं म्हणूनच तर आपण वेगळ्या प्रोसेसेस घेतो. मग ताळमेळाच्या रचनेतही त्या मरणाला जागा हवी. पुढची उदाहरणं याच कामातली आहेत. फंक्शनांची नावं मी उच्चारते तशी, अंडरस्कोअरसकट लिहिली आहेत.

मेमरी खरंच सामायिक आहे का?

फोर्क केल्यावर, म्हणजे एका प्रोसेसने (पेरेंटने) स्वतःसारखीच दुसरी प्रोसेस (चाइल्ड) जन्माला घातल्यावर, चाइल्डला पेरेंटची सगळी मेमरी दिसते, म्हणून ती सामायिक आहे असा समज होतो. तसं नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, दोघांना मेमरीची तीच पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) दाखवतं खरं, पण कुणीही एकाने पानावर लिहिलं की त्या पानाची वेगळी प्रत तयार होते. म्हणून ग्लोबल व्हेरिएबल चाइल्डने कितीही वाढवलं तरी पेरेंटला जुनीच किंमत दिसते. मॅलॉकने, म्हणजे चालू असताना मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनने, घेतलेल्या मेमरीचंही तेच.

खरी सामायिक मेमरी मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फोर्कच्या आधी एममॅप हे मेमरी मांडून देणारं फंक्शन बोलवणं. त्यात वाचण्याची आणि लिहिण्याची परवानगी द्या, फ्लॅग मॅप_शेअर्ड आणि मॅप_ॲनॉनिमस द्या, फाइल डिस्क्रिप्टरच्या जागी उणे एक द्या. जे पान मिळेल ते फोर्कनंतर सगळ्या चाइल्डना वारशाने मिळतं, शून्यांनी भरलेलं असतं आणि शेवटची प्रोसेस संपली की आपोआप जातं. मागे कचरा राहत नाही. एममॅप फसलं तर नल परत येत नाही, मॅप_फेल्ड येतं. तपासणी नलशी केलीत तर अपयश कळणारच नाही आणि पहिल्याच लिहिण्याला प्रोग्रॅम कोसळेल.

प्रोसेसेस एकमेकींच्या नात्यातल्या नसतील, किंवा चाइल्ड फोर्कनंतर एक्झेक करून दुसरा प्रोग्रॅम चालवणार असेल, तर वरचं मॅपिंग उपयोगाचं नाही, कारण एक्झेक ते पुसून टाकतं. अशा वेळी नावाने सामायिक मेमरी उघडणारं एसएचएम_ओपन घ्या. नाव एका तिरप्या रेघेने सुरू करा, आत दुसरी रेघ नको. मग एफट्रंकेटने आकार द्या आणि नंतर एममॅप करा. मधली पायरी राहिली तर मेमरीचा आकार शून्यच राहतो आणि तिला हात लावताच सिगबस हा सिग्नल येऊन प्रोसेस मरते. लिनक्सवर ही मेमरी डेव्ह-एसएचएम या डिरेक्टरीत फाइलसारखी दिसते. एसएचएम_अनलिंक करेपर्यंत किंवा मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत ती तिथेच राहते.

इथे एक चोरवाट आहे. दोन प्रोसेसेस एकाच वेळी सुरू झाल्या तर लॉक इनिशियलाइज कुणी करायचं? दोघींनी केलं, तर दुसरी पहिलीचं वापरात असलेलं लॉक पुसून टाकेल. त्यासाठी तयार करणारीने ओ_क्रिएटबरोबर ओ_एक्स्क्ल हा फ्लॅग द्यावा, म्हणजे एकच जिंकते. तिने सगळं मांडून झाल्यावर शेवटी ‘तयार’ नावाचा ॲटॉमिक (एका फटक्यात बदलणारा, अर्धवट न राहणारा) झेंडा वर करावा. बाकीच्यांनी आधी एफस्टॅटने आकार पुरेसा झालाय का ते बघावं, मग झेंड्याची वाट पाहावी. मला विचाराल तर ही शर्यतच टाळा. एक मुख्य प्रोसेस ठेवा, तिने सगळी मांडामांड करावी आणि मगच बाकीच्यांना जन्म द्यावा. माझ्या कामात मी हेच करते आणि इनिशियलायझेशनचा एक अख्खा प्रश्नच उरत नाही.

एकाने वाढवणं म्हणजे तीन कामं

आता सामायिक मेमरीत एक गणक ठेवा. दोन प्रोसेसेसनी तो दहा-दहा लाख वेळा एकाने वाढवायचा. उत्तर वीस लाख यायला हवं, येतं त्याहून कमी आणि दर वेळी वेगळं. कारण माहीत असेलच: प्रोसेसर किंमत वाचतो, त्यात एक मिळवतो, परत लिहितो. दोघींनी एकच किंमत वाचली तर एकीचं काम वाया जातं.

कमीत कमी उत्तर किती येऊ शकतं, याचा अंदाज करून बघा. बरेच जण दहा लाख म्हणतात. खरं उत्तर आहे दोन. पहिली प्रोसेस शून्य वाचते आणि थांबते. दुसरी शेवटची एक फेरी सोडून सगळ्या फेऱ्या करते. मग पहिली आपली फेरी पुरी करून एक लिहिते. दुसरीची सगळी मेहनत पुसली गेली. दुसरी शेवटच्या फेरीसाठी तो एक वाचते आणि थांबते. पहिली तिच्या उरलेल्या सगळ्या फेऱ्या संपवते. शेवटी दुसरी, एकात एक मिळवून, दोन लिहिते. असं प्रत्यक्षात घडताना दिसणार नाही, पण नियमांनी ते घडू शकतं. मी हे कागदावर करायला लावते, कारण ‘थोडाफार फरक पडेल’ ही समजूत त्याशिवाय जात नाही.

हा प्रयोग ऑप्टिमायझेशन लावून, म्हणजे ओ-टू देऊन केलात तर बहुतेक वेळा उत्तर बरोबर वीस लाख येईल. कोड सुधारला असं समजू नका. कंपायलरने दहा लाख फेऱ्यांचं लूप काढून तिथे ‘दहा लाख मिळव’ अशी एकच बेरीज ठेवलेली असते. दोन बेरजा नेमक्या एकमेकींवर आदळण्याची शक्यता इतकी लहान की ती दिसत नाही. चूक आहे तिथेच आहे. ऑब्जडंप या साधनाने असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचना, उघडून हे डोळ्यांनी बघा.

व्हेरिएबलला व्होलाटाइल हा सी मधला शब्द लावून हे सुटत नाही. त्यामुळे कंपायलर दर वेळी मेमरीतून वाचतो आणि मेमरीत लिहितो एवढंच. तीन कामं तीनच राहतात. सामायिक मेमरीच्या कोडमध्ये ताळमेळासाठी लिहिलेलं व्होलाटाइल दिसलं, की मी तिथे आधी थांबते.

ॲटॉमिक कुठपर्यंत पुरतं

सी-इलेव्हन या २०११ च्या मानकापासून भाषेतच ॲटॉमिक प्रकार आहेत. गणकाला ॲटॉमिक करा, ॲटॉमिक_फेच_ॲड वापरा, वरचा प्रयोग सुटला. मोजण्यासाठी, झेंड्यांसाठी, ‘आता थांबा’ अशा खुणांसाठी हेच वापरा. यात मरणाचीही भीती नाही: काम एकतर झालेलं असतं किंवा झालेलं नसतं, अर्धवट काही राहत नाही.

एक गोष्ट मात्र नीट बघा. तो ॲटॉमिक प्रकार लॉक-फ्री आहे का, हे ॲटॉमिक_इज_लॉक_फ्री विचारून खात्री करा. मोठं स्ट्रक्चर ॲटॉमिक केलं तर प्रोसेसरकडे त्यासाठी सूचना नसते, मग लायब्ररी आत गुपचूप लॉक वापरते. ती लॉक लायब्ररीच्या स्वतःच्या तक्त्यात, म्हणजे प्रत्येक प्रोसेसच्या खाजगी मेमरीत असतात. दोन प्रोसेसेस दोन वेगळी लॉक घेऊन एकाच जागी लिहितात. कंपायलर काही बोलत नाही, चालताना एरर येत नाही, आकडे तेवढे बिघडतात. बत्तीस किंवा चौसष्ट बिटांचा पूर्णांक नेहमीच्या मशीनवर सुरक्षित असतो.

आधी डेटा लिहून मग झेंडा वर करायचा असेल तर झेंडा रिलीज क्रमाने लिहा आणि दुसऱ्या बाजूने ॲक्वायर क्रमाने वाचा. नाहीतर झेंडा आधी आणि डेटा नंतर दिसू शकतो. इंटेलच्या प्रोसेसरवर ही चूक बऱ्याचदा लपून राहते, कारण तो दोन लिहिण्यांचा क्रम बदलत नाही. तोच प्रोग्रॅम आर्मवर नेला की उघडी पडते.

ॲटॉमिक कुठे अपुरं पडतं? जिथे दोन किंमतींमध्ये नातं असतं तिथे. बेरीज आणि संख्या असे दोन आकडे ठेवले आणि दोन्ही ॲटॉमिक केले, तरी एक बदलून दुसरा बदलायच्या मध्ये कुणी सरासरी काढली तर ती चुकीची येईल. लॉक ओळींसाठी नसतं, ते या नात्यासाठी असतं. म्हणून लॉक लिहिण्याआधी ते नातं एका वाक्यात कॉमेंटमध्ये लिहा: ‘लॉक मोकळं असताना बेरीज नेहमी इतक्याच आकड्यांची असेल.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर लॉक कुठे सुरू करायचं आणि कुठे संपवायचं हेही ठरवता येणार नाही.

म्यूटेक्स सामायिक करणं

म्यूटेक्स म्हणजे एका वेळी एकाच्याच हातात राहणारं लॉक. पीथ्रेड_म्यूटेक्स नावात थ्रेड असलं तरी प्रोसेसेसमध्येही चालतं. अट एवढीच की म्यूटेक्स स्वतः सामायिक मेमरीत हवं आणि त्याच्या ॲट्रिब्यूटमध्ये सेटपीशेअर्ड बोलवून पीथ्रेड_प्रोसेस_शेअर्ड असं सांगितलेलं हवं. न सांगितल्यास ते खाजगी धरलं जातं.

हे विसरल्यावर जे होतं ते फार फसवं असतं. लिनक्सवर म्यूटेक्स म्हणजे मेमरीतला एक आकडा आणि वाट पाहणाऱ्यांसाठी कर्नलमधली रांग. या यंत्रणेला फ्युटेक्स म्हणतात. लॉक मोकळं असेल तर तो आकडा बदलून काम होतं, कर्नलकडे जावंच लागत नाही. आकडा सामायिक मेमरीत असल्याने इथपर्यंत सगळं बरोबर चालतं. गर्दी झाली की एक प्रोसेस कर्नलच्या रांगेत झोपते, पण रांग खाजगी असते. दुसरी प्रोसेस लॉक सोडताना तिच्या स्वतःच्या खाजगी रांगेत कुणाला तरी उठवू बघते, तिथे कुणीच नसतं. झोपलेली झोपलेलीच राहते. चाचणीत महिनोन्‌महिने व्यवस्थित चालणारा आणि भार वाढला की अडकणारा प्रोग्रॅम हातात आला, तर मी पहिल्यांदा हेच तपासते. एसट्रेस हे कर्नलला केलेल्या विनंत्या दाखवणारं साधन त्या अडकलेल्या प्रोसेसला जोडा. फ्युटेक्स_वेटच्या मागे प्रायव्हेट हा शब्द दिसला की कारण सापडलं.

आणखी एक: पीथ्रेडची फंक्शनं एरर थेट परत देतात, एररनो या एररच्या व्हेरिएबलमध्ये ठेवत नाहीत. सेमाफोरची, म्हणजे शून्यावर आला की वाट पाहायला लावणाऱ्या गणकाची, फंक्शनं उणे एक देऊन एररनो भरतात. दोन्ही एकाच पद्धतीने तपासलीत तर एक बाजू कायम चुकेल.

दुसरा ॲट्रिब्यूट म्हणजे सेटरोबस्ट, आणि त्याला पीथ्रेड_म्यूटेक्स_रोबस्ट ही किंमत. याच्यासाठी मी आग्रह धरते. साधं म्यूटेक्स घेऊन प्रोसेस मेली तर बाकीच्या कायमच्या वाट पाहत बसतात. रोबस्ट म्यूटेक्सच्या बाबतीत लायब्ररी प्रत्येक थ्रेडने घेतलेल्या लॉकांची यादी ठेवते आणि तिचा पत्ता कर्नलला देऊन ठेवते. प्रोसेस कशीही मरो, अगदी सिगकिल या न अडवता येणाऱ्या सिग्नलनेसुद्धा, कर्नल ती यादी चाळतं आणि प्रत्येक लॉकवर ‘मालक मेला’ अशी खूण करतं. पुढे जी प्रोसेस लॉक मागेल तिला शून्याऐवजी ईओनरडेड मिळतं. हे लक्षात ठेवा की त्या क्षणी लॉक तुमच्याच हातात असतं. एरर आली म्हणून मागे फिरलात तर आता तुम्हीच लॉक धरून बसलात.

ईओनरडेड आल्यावर आधी डेटा तपासायचा, दुरुस्त करायचा, मग पीथ्रेड_म्यूटेक्स_कन्सिस्टंट बोलवायचं आणि शेवटी लॉक सोडायचं. कन्सिस्टंट न बोलवता सोडलंत तर ते म्यूटेक्स कायमचं निकामी होतं आणि यापुढे प्रत्येकाला ईनॉटरिकव्हरेबल मिळतं. कधीकधी तेच हवं असतं: डेटा दुरुस्त होण्यासारखा नसेल तर सगळ्यांनी थांबलेलंच बरं.

पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालवतो आणि त्या सगळ्या एक मोठी सामायिक मेमरी वापरतात. त्यातली एक प्रोसेस कोसळली तर मुख्य प्रोसेस दुरुस्तीच्या फंदात पडत नाही. मेमरी बिघडली असण्याची शक्यता धरून ती बाकीच्या सर्व प्रोसेसेस बंद करते, सामायिक मेमरी नव्याने मांडते आणि डिस्कवरच्या नोंदींवरून पुन्हा उभी राहते. खरी माहिती डिस्कवर सुरक्षित असेल तर हा मार्ग उत्तम आहे. माझ्याकडे यंत्राचं वाचन थांबवता येत नाही, म्हणून मला दुरुस्तीचा मार्ग घ्यावा लागतो. तुम्हाला कोणता परवडतो ते तुमच्या कामावरून ठरवा, पण कोड लिहिण्याआधी ठरवा.

दुरुस्ती लागूच नये अशी रिंग

आता वाचणारी प्रोसेस आणि गणित करणाऱ्या चार, यांच्यामधली रांग. चौसष्ट घरांची रिंग धरा, म्हणजे शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिल्या घरावर येणारी रांग. नेहमीची पद्धत सेमाफोरची आहे. एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सेमाफोरची कल्पना मांडली, आणि आजही ती शिकवली जाते ती अशी:

वाट_बघ(रिकामी घरं)
लॉक_घे
आकडा घरात ठेव, शेपूट पुढे सरकव
लॉक_सोड
कळव(भरलेली घरं)

काढणाऱ्याचं याच्या उलट. पहिल्या दोन ओळींचा क्रम बदलू नका. आधी लॉक घेऊन मग रिकाम्या घराची वाट पाहत बसलात, तर घर रिकामं करायला येणारीला लॉक मिळणार नाही आणि दोघी अडकतील. सेम_इनिटला दुसरा आर्ग्युमेंट एक द्या, म्हणजे सेमाफोर प्रोसेसेसमध्ये चालेल. मॅकओएसवर सेम_इनिट चालत नाही, तिथे नावाचा सेमाफोर, म्हणजे सेम_ओपन, वापरावा लागतो. सिग्नल आला तर सेम_वेट, म्हणजे वरचं वाट_बघ, ईइन्टर देऊन लवकर परत येतं. ते लूपमध्ये ठेवा, नाहीतर घर रिकामं नसताना तुम्ही त्यात लिहाल.

शिकायला ही रचना सुरेख आहे. पण सेमाफोरला मालक नसतो. ‘भरलेली घरं’ एकाने कमी करून प्रोसेस मेली तर ते घर हिशेबातून गेलं, आणि हे कुणालाच कळत नाही. अशी चौसष्ट मरणं झाली की रिंग बंद. सिस्टिम-फाइव्हच्या जुन्या सेमाफोरमध्ये सेम_अनडू नावाची सोय आहे, प्रोसेस मेल्यावर कर्नल तिने केलेले बदल उलटे फिरवतं. पण कर्नलला फक्त आकडा उलटवता येतो, तुमच्या डेटाचा अर्थ त्याला माहीत नसतो.

म्हणून मी रोबस्ट म्यूटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल (एखादी अट पुरी होईपर्यंत झोपून वाट पाहण्याची सोय) वापरते, आणि रिंगची मांडणी अशी ठेवते की अर्धवट अवस्था उरतच नाही. चौसष्ट बिटांचे दोन आकडे: डोकं (पुढचं काढायचं घर) आणि शेपूट (पुढचं भरायचं घर). दोन्ही फक्त वाढत जातात, कधी शून्यावर येत नाहीत. घराचा क्रमांक म्हणजे त्या आकड्याला चौसष्टने भागून उरलेली बाकी. किती घरं भरली आहेत, हे वेगळं साठवायचं नाही. शेपटातून डोकं वजा केलं की मिळतं. साठवलंच नाही तर ते बिघडणार कसं?

टाकणारी आधी घरात आकडे लिहिते आणि सर्वांत शेवटी शेपूट एकाने वाढवते. शेपूट वाढवण्याआधी ती मेली तर घर रिकामंच मोजलं जातं, पुढची त्यावर लिहील. वाढवल्यानंतर मेली तर काम पुरं झालेलं आहे. दोन्ही बाबतीत ईओनरडेड मिळालेल्या प्रोसेसला काहीही दुरुस्त करायचं नसतं. कन्सिस्टंट म्हणायचं आणि पुढे जायचं. लॉक असलं तरी शेपूट ॲटॉमिक ठेवून रिलीज क्रमानेच लिहा. जिवंत प्रोसेसेसना लॉक क्रम राखून देतं, पण लॉकच्या आत कंपायलर दोन लिहिण्यांची अदलाबदल करू शकतो, आणि नेमकं त्या दोहोंच्या मध्ये मरण आलं तर शेपूट पुढे आणि घर मात्र जुन्या आकड्यांचं, असं होईल.

काढणारीचं थोडं नाजूक आहे. डोकं वाढवून घर घेतलं आणि गणित करताना मेली, तर ते आकडे हरवले. त्यासाठी प्रत्येक काढणारीला सामायिक मेमरीत स्वतःची एक जागा देते. लॉकच्या आत आधी त्या जागेत आकडे उतरवायचे, मग घराचा अनुक्रमांक लिहायचा, मग डोकं वाढवायचं. गणित संपलं की अनुक्रमांक पुसायचा. मुख्य प्रोसेस वेटपीआयडीने मेलेलीची खबर घेते, तिच्या जागेत अनुक्रमांक दिसला आणि तो डोक्यापेक्षा लहान असेल तर ते काम पुन्हा कुणाला तरी देते. डोक्याइतकाच असेल तर डोकं वाढायच्या आधीच ती गेली, घर रिंगमध्ये अजून आहे, काही करायला नको. एकच आकडेमोड दोनदा कोसळवत असेल तर तिसऱ्यांदा देऊ नका, बाजूला काढून ठेवा.

कंडिशन व्हेरिएबललाही पीशेअर्ड ॲट्रिब्यूट लागतो. वाट नेहमी लूपमध्ये पाहायची, कारण जाग आली याचा अर्थ अट पुरी झाली असा होत नाही. मेलेल्या प्रोसेसला उद्देशून गेलेली उठवण्याची खूण वाया जाऊ शकते, म्हणून मी बेमुदत वाट पाहत नाही. टाइम्डवेट वापरते, ॲट्रिब्यूटमध्ये मोनोटॉनिक (फक्त पुढे जाणारं) घड्याळ देते म्हणजे मशीनची वेळ बदलली तरी गोंधळ होत नाही, आणि मुदत संपली की अट पुन्हा तपासते. टाइम्डवेटमधून परत येतानाही ईओनरडेड मिळू शकतं. तिथला तपास बरेच जण विसरतात.

मेमरीत काय ठेवू नये

पॉइंटर ठेवू नका. एसएचएम_ओपनने घेतलेली मेमरी प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळ्या पत्त्यावर बसू शकते. सुरुवातीपासूनचं अंतर ठेवा आणि वापरताना पत्ता काढा. फाइल पॉइंटर, मॅलॉकचा पत्ता, फंक्शनचा पत्ता, सगळ्यांना हेच लागू.

लॉक हातात असताना प्रिंटएफ, मॅलॉक, डिस्कवर लिहिणं, काहीही थांबवणारं काम नको. प्रत उतरवून घ्या, लॉक सोडा, मग काम करा. दोन लॉक लागत असतील तर त्यांना क्रमांक द्या आणि लहानापासून मोठ्याकडे याच क्रमाने घ्या, सर्व प्रोसेसेसमध्ये.

प्रोसेसेसना कमीजास्त प्राधान्य दिलं असेल तर सेटप्रोटोकॉलने प्राधान्याचा वारसाही, म्हणजे लॉक धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य तेवढ्यापुरतं देणं, चालू करा. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होत होतं ते याच कारणाने. कमी प्राधान्याच्या कामाने म्यूटेक्स धरलं होतं, मधल्या प्राधान्याचं काम त्याला चालू देत नव्हतं आणि वरचं महत्त्वाचं काम अडकून बसलं होतं. म्यूटेक्सवरचा वारसा बंद होता, तो पृथ्वीवरून चालू केल्यावर प्रश्न सुटला.

प्रत्येक प्रोसेसचा स्वतःचा गणक असेल तर ते ओळीने एकमेकांना चिकटून ठेवू नका. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर कॅशची (प्रोसेसरजवळच्या झटपट मेमरीची) ओळ चौसष्ट बाइटची असते; आठ गणक एका ओळीत बसले की कुणीही लिहिलं तरी ती ओळ एका कोअरकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. अलाइनॲझ वापरून प्रत्येकाला चौसष्ट बाइटची सीमा द्या.

मारून बघणं

थ्रेडसॅनिटायझर हा कंपायलरबरोबर येणारा तपासनीस एकाच प्रोसेसमधल्या शर्यती (एकाच जागेसाठीच्या टकरी) पकडतो, दोन प्रोसेसेसमधल्या नाही. म्हणून मी रिंगचा कोड असा लिहिते की तो थ्रेडमध्येही चालवता यावा. आधी थ्रेडमध्ये सॅनिटायझर लावून तपासते, तिथे शांत झाला की प्रोसेसेसकडे नेते.

मग मारण्याची चाचणी. लॉक घेतल्यानंतर, आकडे लिहिल्यानंतर, शेपूट वाढवल्यानंतर, अशा प्रत्येक टप्प्यावर एक मॅक्रो ठेवते. चाचणीच्या बिल्डमध्ये तो अधूनमधून स्वतःलाच सिगकिल पाठवतो. मुख्य प्रोसेस नवीन चाइल्ड जन्माला घालत राहते. रात्रभर चालू द्या, सकाळी टाकलेल्या प्रत्येक अनुक्रमांकाचा निकाल आहे का ते तपासा. टास्कसेटने एकदा सगळ्यांना एकाच कोअरवर बांधून आणि एकदा मोकळं सोडून, दोन्ही प्रकारे चालवा. वेगवेगळ्या चुका वर येतात.

मुख्य प्रोसेसलाही मारा. ती गेली तर चाइल्ड अनाथ होऊन चालत राहू नयेत म्हणून प्रत्येक चाइल्डमध्ये सुरुवातीला पीआरसीटीएलने पीडेथसिग, म्हणजे पेरेंट मेल्यावर येणारा सिग्नल, मागून घ्या. लिनक्सवर ही सोय आहे. ते मागितल्यावर लगेच गेटपीपीआयडीने पेरेंट तोच आहे का ते तपासा, कारण मागण्याच्या आतच पेरेंट गेलेला असू शकतो. आणि शेवटी डेव्ह-एसएचएममध्ये डोकावा. तिथे तुमच्या नावाची जुनी मेमरी पडलेली असेल तर पुढच्या वेळी प्रोग्रॅम तीच उघडेल, आधीच्या खेपेला धरून ठेवलेल्या लॉकसकट. सगळ्यांनी उघडून झाल्यावर लगेच एसएचएम_अनलिंक करा: नाव जातं, मेमरी मात्र शेवटच्या वापरणाऱ्यापर्यंत टिकते.